पाणी सांगणारी फळी

आमच्या शेजारचा हरेश्वर मेहेर गच्चीवर चिपा वाळत घालायचा.

बटाट्याच्या नव्हेत. काळ्या, बोटाएवढ्या, दोन्ही बाजूंना पाय असलेल्या. सालवडच्या त्या दुमजली इमारतीत आम्ही नवीन राहायला गेलो तेव्हा मी कुरडया घेऊन गच्चीवर गेले, तर कोपऱ्यात एका ताटात मेलेले किडे ओळीने मांडलेले, वर माशांच्या जाळ्याचा तुकडा पसरलेला, आणि शेजारी लुंगी नेसलेला एक माणूस कावळे हाकत बसलेला. मी किंचाळले नाही, कारण मी शाळेत गणित शिकवते आणि किंचाळणं हे मुलांचं काम आहे. पण कुरडया मी दुसऱ्या कोपऱ्यात घातल्या.

"घाबरू नका बाई," तो म्हणाला. "ह्यांना आठ दिवस ऊन दाखवायला लागते. त्याशिवाय विसरत नाय त्या."

"काय विसरत नाहीत?"

"आधी जे लिवलंय ते."

मग त्याने एक चिप माझ्या तळहातावर ठेवली. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती. या चिपेत एकदा लिहिलं की ते राहतं, वीज गेली तरी राहतं. पुसायचं असेल तर खिडकीतून कडक ऊन आत जाऊ द्यायचं. मुंबईत त्यासाठी निळ्या दिव्याची पेटी मिळते म्हणे. "आपल्याकडे सूर्य हाय," हरेश्वर म्हणाला. पुसून झालं, नवीन लिहिलं, की खिडकी झाकून टाकायची, नाहीतर चिप हळूहळू सगळं विसरते. झाकायला तो टिकली लावायचा. मोठी, मखमली, मरून रंगाची.

या टिकल्या आमच्या इमारतीला गप्पांसाठी एक अख्खा उन्हाळा पुरल्या. पस्तिशीला आलेला बिनलग्नाचा माणूस बोईसर स्टेशनाबाहेरच्या गाडीवर उभा राहून टिकल्यांची पाकिटं निवडतो, एवढंच नाही तर गाडीवालीला "यातली सगळ्यात जाड कोनती?" असं विचारतो, ही बातमी खालच्या मजल्यावरून वर आली तेव्हा टिकली लावणारी बाई शेजारच्या पाम गावातली आहे इथपर्यंत तपशील पक्का झाला होता. मी खरं काय ते सांगितलं. कोणालाच आवडलं नाही.

हरेश्वर मूळचा शिरगावचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. त्याचा बाप तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, ज्याच्या शब्दावर बोट निघते आणि परत फिरते. मुलाला मात्र बोट लागायची. तीनदा समुद्रात नेला, तीनदा आडवा करून परत आणला. शेवटी पालघरला जाऊन तो रेडिओ दुरुस्ती शिकला आणि तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मीटर आणि गेज सांभाळायच्या कामाला लागला. सुट्टी मिळाली की मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन भंगारातले सुटे भाग पिशवीभर आणायचा. पिशवी नायलॉनची, मासळीचीच. तिच्यातून काढलेला प्रत्येक भाग तो आधी साबणाने धुवायचा.

या सगळ्यातून तो जे बनवायचा त्याला इतर लोक बोर्ड म्हणत. हरेश्वर फळी म्हणायचा. हिरवट रंगाची, वहीच्या पानाएवढी फळी. मधोमध चाळीस पायांची मोठी चिप. तिच्या बाजूला आठवण ठेवणारी चिप, कपाळावर टिकली. पेपरमिंटच्या गोळीएवढी पत्र्याची डबी, तिच्या ठोक्यावर सगळा कारभार चालतो. एका कडेला आठ लाल दिवे, आकडे दाखवायच्या सहा खिडक्या, खाली बटणांची चौकट. वीज गेली तर तग धरायला बॅटरी, आणि आमच्याकडे वीज जायची म्हणजे जायचीच. घरी कोणी आलं की तो पाण्याआधी फळी पुढे करायचा, आणि सगळं सांगून झालं की शेवटी दोन रिकाम्या जागांवर बोट ठेवून म्हणायचा, "हे दोन पाय मोकळे ठेवलेत."

"का?"

"पुढे काय लागेल कोनाला ठाऊक?"

हे त्याचं ठरलेलं वाक्य. कुठलीही नवी वस्तू पाहिली की पहिला प्रश्न, "ह्याला मोकळे पाय किती?" आमच्या ह्यांनी नवी स्कूटर घेतली, तेव्हाही त्याने हेच विचारलं. सातपाटीला मुलगी पाहायला गेला, तिथे मुलीने चहा ठेवला आणि त्याने पिशवीतून फळी काढली. चाळीस पाय, आठ दिवे, सहा आकडे, सगळं सांगितलं. मुलीने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "नि ती करते काय?" हरेश्वर म्हणाला, "जे सांगाल ते." मुलगी म्हणाली, "तसा तर माझा भाऊ पन हाय." स्थळ तिथेच संपलं. हा किस्सा त्यानेच मला सांगितला, आणि वर म्हणाला, "पन प्रश्न बरोबर इचारलान."

कारखान्यात मात्र त्याची फळी काय करते ते सगळ्यांनी पाहिलं. पाण्याची एक टाकी सारखी भरून वाहायची. बाहेरून आणलेलं भारी यंत्र महिनाभर रुसून बसलं होतं. हरेश्वरने साबणाच्या डबीत एक फळी बसवली, पाणी वर आलं की भोंगा वाजेल अशी. ती चालली. साहेबांनी कागदपत्रं मागितली, तेव्हा याने दोनशे पानी वही दिली. तिच्यात तारांच्या आकृत्या होत्या, आकड्यांच्या रांगा होत्या आणि मधूनमधून पापलेटं काढलेली होती. साहेबांनी पापलेटांचा अर्थ विचारला. "विचार करताना हात चालतो, सायेब," असं उत्तर मिळालं. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. मी ते बोलून दाखवत नव्हते, कारण मग तो अजून एक तास फळी दाखवत बसला असता.

त्या वर्षी दिवाळीनंतर तो बापाला सालवडला घेऊन आला.

तांडेलबाबांची दृष्टी दोन्ही डोळ्यांनी गेली होती. बायको आधीच गेलेली, मुलगा एकुलता एक. तरी ते शिरगावला एकटेच राहत होते, कारण घरातून दहा पावलांवर समुद्र आणि त्या दहा पावलांना डोळे लागत नव्हते. पण एके दिवशी ते खडकात पडले आणि लोकांनी उचलून आणले. हरेश्वरने घराला कुलूप लावलं आणि त्यांना आमच्या शेजारच्या खोलीत आणून बसवलं. खिडकीतून वारा यायचा तो कारखान्यांचा, आंबूस. समुद्राचा वास नाही, गाज नाही.

हरेश्वर कामावर गेला की भिंतीपलीकडून हाक यायची, "बाय गो, किती वाजले? आज तिथी कोनती?"

मी घाटावरची. मला आधी वाटलं, म्हातारा देवभोळा आहे. एकदा मी म्हटलं, "आज अष्टमी, बाबा. नऊ वाजलेत." ते लगेच म्हणाले, "मंजे पानी तीन तास उतरला. खडक उगडा पडला असंल." मी थक्क झाले. मग त्यांनी मला हिशोब शिकवला. तिथीचे तीन चतुर्थांश करायचे, भरती किती वाजता लागेल ते येतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मी मराठी शाळेत बारा वर्षं पाऊणकी शिकवत होते, ती समुद्रात कामाला येते हे मला माहीत नव्हतं.

पण हळूहळू हाका कमी झाल्या. मग बंदच झाल्या. बाबा जेवेनासे झाले. ताट तसंच परत यायचं. हरेश्वरने खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मला शिरगावला पोचव. सगली बोट मला पानी इचारायची. आता मी बायकापोरांना इचारून जगू?"

शिरगावला बघायला कोणी नव्हतं. इथे ठेवावं तर माणूस अन्न सोडतोय. हरेश्वर दोन दिवस गच्चीवर जाऊन बसला आणि तिसऱ्या दिवशी त्याने होत्या त्या सगळ्या चिपा उन्हात घातल्या.

पहिली फळी झाली ती आंधळ्या माणसापुढे आठ लाल दिवे लावून भरती दाखवणारी. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा फळी पूर्ण झाली होती. माझ्यासमोर त्याने कपाळावर हात मारला, आणि मला हसू आवरेना. दुसरीत त्याने पिपाणीसारखं वाजणारं काहीतरी बसवलं. बाबा म्हणाले, "हा डास बंद कर." तिसरीच्या वेळी तो शिरगावला गेला आणि त्यांची जुनी बोट मोडली तेव्हा राखून ठेवलेला सागाचा एक तुकडा घेऊन आला. दारावरच्या जुन्या विजेच्या घंटीतली वाटी काढून टाकली, हातोडी ठेवली आणि वाटीच्या जागी तो तुकडा बसवला. आता फळी सागावर टोले देत होती. पूर्वी तांडेलबाबा काठीने बोटीची कड ठोकून आपली माणसं उठवायचे, अगदी तसा आवाज.

पुढे एकच मोठं बटण. एकदा दाबलं की जेवढं पाणी तेवढे टोले. आठ म्हणजे काठोकाठ, एक म्हणजे पार उतरलेलं. दाबून धरलं की तिथीइतके टोले.

बाबांनी बटण चाचपलं. दाबलं. पाच टोले पडले. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, पुन्हा दाबलं, पुन्हा पाच. मग म्हणाले, "अर्ध्यावर हाय." हरेश्वरने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ आणि कॅलेंडर बघून हिशोब केला आणि मान हलवली.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून दिवसभर टोले ऐकू येऊ लागले. एकदा बाबा बाहेर बसलेले असताना मी त्यांच्या खोलीतली धूळ पुसायला गेले आणि फडक्याने कुठलंसं छोटं बटण दाबलं गेलं. ते सगळं पहिल्यापासून सुरू करायचं बटण होतं. भर पौर्णिमेला मी अरबी समुद्र प्रतिपदेला नेऊन ठेवला. त्या बटणावर हरेश्वरने नंतर बाटलीचं बूच बसवलं.

बाबांना आता कोणाला विचारावं लागत नव्हतं, पण जेवण अजून जेमतेमच होतं. शिरगावचं टुमणंही चालूच होतं. आणि मग ती एकादशी आली.

सकाळी मी खिचडी परतत होते. पलीकडे बटण दाबून धरल्याचं कळलं. टोले पडले, दहा. पुन्हा दहा. आणि मग असा आवाज चढला की माझ्या हातातलं उलथणं खाली पडलं.

"हरेश्वर! तुजी फळी चुकली रं! शेजारनीच्या घरात साबुदाणा शिजतोय, एकादशी हाय आज, नि तुजी फळी दशमी सांगते! पानी पाऊन तास अलीकडे आनलान! तुज्या भरोशावर बोट काढली असती तर रेतीत बसली असती!"

मी कॅलेंडर पाहिलं. काल नवमी होती, आज एकादशी. मधल्या दशमीचा क्षय होता. सूर्योदयाला ती कुठल्याच दिवशी नव्हती, म्हणून कॅलेंडरने गाळली होती. हरेश्वरची फळी बिचारी रोज एक तिथी पुढे ढकलत होती. तिथ्या अशा गळतात, कधी दोन दिवस एकच राहते, हे मीटर आणि गेज सांभाळणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. तांडेलाच्या मुलाच्या तरी यायला हवं होतं, आणि त्याचा समाचार बाबा अर्धा तास घेत होते. "बापानं तुला तीनदा समुद्रात नेला, तो काय वकायला?" इथपर्यंत मजल गेली. हरेश्वर मान खाली घालून उभा. सगळी इमारत जिन्यात.

दुपारी मात्र हरेश्वर माझ्या दारात आला. चेहरा उजळलेला. "बाई, बापूस दोन भाकरी जेवला. वर सुका बोंबील मागितलान."

मोकळ्या दोन पायांपैकी एकाला त्याने त्याच संध्याकाळी दुसरं बटण जोडलं. ते दाबलं की तिथी एकाने पुढे जायची, दाबून धरलं की मागे यायची. तिथी दुरुस्त करायचं खातं बाबांकडे गेलं. महिन्या-दीड महिन्यातून फळी एकदा चुकायची आणि इमारतीला कळायचं. बाबा आता रोज सकाळी मला तिथी विचारायचे, पण ते विचारणं वेगळं होतं. "बाय गो, तुज्या कॅलेंडरात काय हाय? बघू ह्याची फळी काय बोलते," असं दरडावून. शिरगावचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मला मात्र ती चूक खटकायची. गणिताची बाई आहे मी, चुकलेलं उत्तर पुन्हा पुन्हा भिंतीपलीकडून ऐकायचं म्हणजे काय? नवं कॅलेंडर आल्यावर मी वर्षभरातल्या गळणाऱ्या आणि दोनदा येणाऱ्या सगळ्या तिथ्यांची यादी लाल शाईने काढली आणि हरेश्वरला जिन्यात गाठून दिली. "हे एकदा चिपेत लिही. वर्षभर चुकणार नाही."

त्याने यादी घेतली नाही. खोलीच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली केला.

"यादी माज्याकडं हाय, बाई. पयल्यांदा चुकली ती खरीच चुकली. पन त्या दिवशी बापूस जेवला. मग मी काय ती दुरुस्त केली नाय. तुमी पन बोलू नका."

मी यादी परत पर्समध्ये ठेवली. वर्गात चुकीच्या उत्तराला मी कधी गुण दिलेले नाहीत, पण त्या दिवशी जिन्यात उभी राहून पैकीच्या पैकी दिले. हा माणूस चिपेला सगळं शिकवू शकत होता आणि बापासाठी तिला अडाणी ठेवत होता.

तांडेलबाबा सालवडमध्ये तीन वर्षं राहिले. तिसऱ्या वर्षी दोन दिवसांच्या तापात गेले.

दिवसकार्य शिरगावला झालं. हरेश्वर परत आला, कामावर जाऊ लागला. गच्चीवरचं ताट रिकामं. लॅमिंग्टन रोडची पिशवी खुंटीला. कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये तो काही खातो का, असं मी आमच्या ह्यांना विचारायला लावलं. चहा घेतो, एवढं कळलं. इमारतीत कोणाशी बोलणं नाही. फक्त संध्याकाळी आला की पलीकडून टोले ऐकू यायचे. आधी पाण्याचे, मग तिथीचे. मी सवयीने मोजायचे आणि कॅलेंडरकडे बघायचे. महिना गेला, फळी एक तिथी मागे पडली. अजून काही आठवडे गेले, दोन. दुरुस्तीचं बटण तिथेच होतं. तो दाबत नव्हता.

मग पुन्हा एकादशी आली, रविवारची. सकाळी खिचडी केली. पलीकडे टोले पडले, नऊ. थोड्या वेळाने पुन्हा नऊ.

मी वाटी भरली आणि त्याच्या दारात गेले. तो बाबांच्या खाटेजवळ जमिनीवर बसला होता, फळी मांडीवर. त्याने वर पाहिलं नाही. सांत्वनाची वाक्यं मला येत नाहीत. मला जे येत होतं ते मी म्हटलं.

"हरेश्वर, तुझी फळी चुकली रे."

त्याने बटणावरचा हात काढला. मग नाक ओढलं.

"असं नाय, बाई," तो म्हणाला. "तुमी लय हळू बोलता."

साठ मुलांचा वर्ग एका हाकेत गप्प करणारी बाई मी. वाटी खाली ठेवली, कमरेवर हात घेतले आणि शाळेच्या मैदानावरचा आवाज काढला.

"हरेश्वर! तुजी फळी चुकली रं! एकादशी आहे आज! वास येत नाही का तुला?"

जिन्यात दारं उघडल्याचे आवाज आले. हरेश्वर हसत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. त्याने हाताच्या पाठीने तोंड पुसलं, फळी पुढे ओढली आणि तिथीचं बटण दाबलं. एकदा. पुन्हा एकदा. मग मोठं बटण दाबून धरलं आणि आम्ही दोघांनी सागावरचे टोले मोजले. अकरा.

त्याने वाटी जवळ घेतली आणि चमच्याची वाट न बघता हातानेच सुरुवात केली. मी परत जायला वळले तेव्हा मागून आवाज आला.

"बाई, अजून थोडी हाय काय?"